मालवणच्या पाण्यावर एक दिवस

घाटावरील माणसाचें समुद्रावर प्रेम असतें. पण तें बहुधा दुरूनचें असतें. तो किनाऱ्यावर बसतो, सूर्यास्त पाहतो, भेळ खातो, पावलें भिजेपर्यंत पुढें जातो आणि लाट गुडघ्याला लागली कीं मागें फिरतो. एखाद्या थोर गृहस्थाच्या घरावरून जातांना उंबरठा न ओलांडतां बाहेरच्या बाहेर नमस्कार करावा, तसा हा प्रकार आहे. त्या नमस्कारांत आदर असतो. ओळख मात्र नसते. ज्यांना ती ओळख करून घ्यावयाची असेल त्यांच्यासाठीं मी आज एका छोट्या सहलीविषयीं बोलणार आहें. सकाळीं होडींत बसावें, किनाऱ्याच्या कडेकडेनें चार-सहा तास हिंडावें, दोन-तीन ठिकाणीं नांगर टाकून पाण्यांत उतरावें आणि दुपारचा वारा वाढण्यापूर्वीं धक्क्याला लागावें, इतकाच तिचा कार्यक्रम. खर्च बेताचा, अवधि एका दिवसाचा. परंतु ती नीट पार पाडावयाची तर पूर्वतयारी मात्र लागते, आणि ती तयारी पैशांची नव्हे, माहितीची असते.

अशा सहलीसाठीं मी मालवणची निवड करतों. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सुंदर जागा पुष्कळ आहेत. पण किल्ला, प्रवाळ, लांबच लांब वाळू आणि नदीचें मुख, इतक्या निरनिराळ्या गोष्टी एका दिवसाच्या टप्प्यांत येथें सांपडतात. शिवाय येथील पाणी थंडीच्या दिवसांत बऱ्यापैकीं निवळ असतें. मुंबईच्या चौपाटीवरील गढूळ पाणी पाहून ज्यांनीं समुद्राविषयीं आपलें मत बनविलें असेल, त्यांना नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळांत मालवणचें पाणी पाहिल्यावर तें बदलावें लागेल. पावसाळ्यांत हा बेत मनांतसुद्धां आणूं नये. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत या किनाऱ्यावरील पर्यटकांच्या होड्या बंदच असतात, आणि तें योग्यच आहे.

प्रथम वेळेचा विचार करूं. समुद्रावर घड्याळ असतें, पण त्याला कांटे दोन नसून तीन असतात : सूर्य, वारा आणि भरती. रात्रीं जमीन समुद्रापेक्षां लवकर निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. याला मतलई वारा म्हणतात. तो सौम्य असतो व त्याच्या अमलांत समुद्र सपाट राहतो. दिवस चढूं लागला कीं जमीन तापते, तिच्यावरील हवा वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठीं समुद्राकडून खारा वारा येऊं लागतो. दुपारीं दोन-तीनच्या सुमारास त्याचा जोर झाला कीं सकाळीं तेलासारखें दिसणारें पाणी पांढऱ्या फेंसानें भरून जातें. म्हणून जी मंडळी दहा वाजतां न्याहरी आटोपून, बाराला धक्क्यावर येऊन, 'आतां चला' म्हणतात, त्यांच्या वांट्याला समुद्राची उत्तम वेळ कधींच येत नाहीं. सातला होडी सुटली पाहिजे. घरांतील एका तरी माणसानें या बाबतींत कठोर व्हावें.

भरतीचें गणित आपल्या पंचांगांतच आहे. कोंकणांतील जुन्या माणसांना तें तोंडपाठ असतें. तिथीचा आंकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळीं व संध्याकाळीं सहाच्या सुमारास भरती आणि दुपारीं बाराच्या आसपास ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हा हिशेब ढोबळ आहे, मिनिटांचा नाहीं; पण भरती रोज सुमारें पन्नास मिनिटांनीं पुढें सरकते हें तत्त्व त्यांत बरोबर सांपडलें आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतें, पाण्याची चढउतार मोठी व प्रवाह ओढीचे असतात. अष्टमीच्या मागेंपुढें भांगाचे दिवस येतात. तेव्हां पाणी शांत, आणि गाळ कमी ढवळला गेल्यामुळें अधिक स्वच्छ असतें. मालवणास ही चढउतार मुंबईपेक्षां कमी असली तरी नियम तोच. पोहण्याची हौस असणाऱ्यांनीं आपल्या सहलीचा मुहूर्त पाहावयाचा तो असा पाहावा.

होडी धक्क्यावरून निघाली म्हणजे समोर सिंधुदुर्ग दिसतो. कुरटे नांवाच्या बेटावर शिवाजी महाराजांनीं १६६४ सालीं हा किल्ला बांधावयास घेतला आणि १६६७ च्या सुमारास तो पुरा झाला. सुमारें अठ्ठेचाळीस एकरांच्या या बेटाला नागमोडी तटानें वेढिलें आहे. त्याचा दरवाजा अशा खुबीनें बांधिला आहे कीं, होडी अगदीं जवळ येईपर्यंत नवख्या माणसाला तो दिसतच नाहीं. आंत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या नांवांच्या तीन विहिरी आहेत. चहूंकडे खारें पाणी असतां यांचें पाणी गोड आहे. राजाराम महाराजांनीं बांधिलेलें शिवराजेश्वराचें मंदिर येथेंच. १७६५ सालीं इंग्रजांनीं हा किल्ला घेतला तेव्हां त्याचें नांव बदलून फोर्ट ऑगस्टस असें ठेविलें. पुढें तो कोल्हापूरकरांना परत मिळाला आणि १८१२ च्या तहानें पुन्हां इंग्रजांकडे गेला. परक्यानें दिलेलें नांव आज पुस्तकांतच राहिलें आहे. होडीवाला त्याला सिंधुदुर्गच म्हणतो.

किल्ला पाहतांना बहुतेकांचें लक्ष तटाकडे असतें. माझी विनंती अशी कीं, येतां-जातां थोडें पाण्याकडेही पाहावें. या बेटाभोंवतीं खडकांची रांगच्या रांग आहे. कांहीं खडक ओहोटीला डोकें वर काढतात, कांहीं कधींच दिसत नाहींत. वाट न जाणणाऱ्या गलबताचा तळ येथें फुटलाच म्हणून समजावें. किल्ल्याचा पहिला तट दगडाचा नसून हा पाण्याखालचा आहे, आणि जागा निवडणाऱ्याची दृष्टि त्यांतच दिसते. गंमत अशी कीं, ज्या खडकांनीं शत्रूच्या गलबतांना दूर ठेविलें, त्यांच्याच आश्रयानें प्रवाळांची वस्ती वाढली आहे. १९८७ सालीं मालवणच्या समुद्राचा कांहीं भाग सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला, तो या संपत्तीसाठींच.

पहिली बुडी येथेंच घ्यावी. किल्ल्याच्या आडोशाला, तांडेल सांगेल त्या जागीं. डोळ्यांवर कांचेचा मुखवटा आणि तोंडांत श्वासाची नळी घेऊन पाण्यावर पालथें पडलें कीं, खालचें जग दिसूं लागतें. पहिल्या दोन मिनिटांत माणूस घाबरतो, कारण नाकानें श्वास घेण्याची जन्माची संवय एकाएकीं सोडावयाची असते. तिसऱ्या मिनिटाला तो विसरतो कीं आपण पाण्यांत आहों. पट्ट्यापट्ट्यांचे लहान मासे थव्यानें हिंडत असतात, खडकावर काळ्या कांट्यांचे गोळे बसलेले असतात, आणि मधून मधून भाकरीसारखे किंवा उलट्या पातेल्यासारखे फुगीर दगड दिसतात. ते दगड नव्हेत. तीच प्रवाळांची घरें. प्रत्येकांत हजारों सूक्ष्म जीव राहतात. अशा घुमटाकार प्रवाळाची वाढ वर्षाला कांहीं मिलिमीटर, फार तर एखाद-दोन सेंटिमीटर इतकीच असते. म्हणजे आपण ज्याच्यावर सहज पाय टेकून उभे राहूं पाहतों, तें घर आपल्या आजोबांच्या वयाचें असण्याचा संभव असतो. आजोबांच्या खांद्यावर आपण उभे राहणार नाहीं. येथेंही राहूं नये. प्रवाळ तोडून घरीं आणणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे. कांचेच्या कपाटांत ठेवलेला तो तुकडा मेलेला असतो, हें तर त्याहून वाईट.

पाण्याविषयीं दोन गोष्टी येथें सांगितल्या पाहिजेत. समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें पस्तीस ग्रॅम क्षार विरघळलेले असतात, त्यामुळें तें विहिरीच्या पाण्याहून थोडें जड असतें आणि माणसाला अधिक सहज उचलून धरतें. ही समुद्राची कृपा. दुसरी गोष्ट त्याच्या फसवेपणाची. पाण्यांतून येणारे प्रकाशकिरण वांकतात, म्हणून वरून पाहिलें असतां तळ खऱ्या खोलीच्या पाऊणपटच खोल दिसतो. भरतीच्या हिशेबांतली पाऊणपट येथें पुन्हां भेटते, पण या वेळीं तिच्याकडून धोका आहे. आठ फूट पाणी सहा फूट भासतें. उंच गृहस्थ होडींतून वांकून पाहतात, 'अरे, माझ्या डोक्याइतकेंच तर आहे', असें म्हणून पाय खालीं सोडतात, आणि पाय कोठेंच टेकत नाहींत. दोन फुटांचा हा फरक कागदावर क्षुल्लक असतो, नाकातोंडाशीं मात्र तो फार मोठा असतो. म्हणून नियम एकच : तळ दिसो वा न दिसो, जीवरक्षक जाकीट अंगांत पाहिजे, आणि त्याचे सर्व बंद आवळलेले पाहिजेत. बंद न बांधलेलें जाकीट पाण्यांत पडल्याबरोबर वर सरकतें आणि माणूस त्यांतून खालीं निसटतो.

तेथून होडी दक्षिणेला वळते. डाव्या हाताला तारकर्लीची वाळू आणि तिच्यामागें माडांची व सुरूंची रांग. तारकर्लीच्या पुढें देवबाग. देवबाग म्हणजे एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस कर्ली नदी यांच्यामधली चिंचोळी पट्टी. गांव इतकें अरुंद कीं, अंगणांत समुद्राचा आवाज आणि परसांत नदीचें पाणी. सकाळच्या वेळीं या टापूंत डॉल्फिन दिसण्याचा संभव असतो. दिसले तर होडीचें यंत्र मंद करावयास सांगावें आणि स्वस्थ बसावें. त्यांच्या मागें होडी पळविणें म्हणजे कोणाच्या घरीं पाहुणें जाऊन घरधन्याला खोल्याखोल्यांतून पिटाळण्यासारखें आहे.

दुसरा मुक्काम किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यांत करावा. येथें मला आपल्या कुटुंबांतील एका जुन्या रिवाजाविषयीं बोलावयाचें आहे. अशा सहली मीं पुष्कळ पाहिल्या आहेत. होडी थांबते, पुरुषमंडळी व मुलगे पाण्यांत उतरतात, आणि बायकामाणसें होडींत बसून राहतात. कोणाच्या मांडीवर सर्वांचे चष्मे, कोणाच्या हातांत घड्याळें आणि पैशाचीं पाकिटें, कोणाजवळ कोरडे टॉवेल. त्या हंसतात, 'आम्हांला येथूनच बरें दिसतें' असें म्हणतात. त्यांना खरोखरच बरें दिसतें कीं काय, हें कोणी विचारीत नाहीं. पोहणें शिकविण्याची वेळ आली तेव्हां गांवच्या विहिरींत मुलाला कमरेला दोर बांधून सोडण्यांत आलें आणि मुलगी कांठावर उभी राहिली. तीच मुलगी आज होडींत पाकिटें सांभाळीत आहे. समुद्राची भीति तिला उपजत नव्हती. ती तिला आपण शिकविली, आणि मग तिच्या भित्रेपणाचें कौतुक केलें. कमरेइतक्या शांत पाण्यांत, जाकीट घालून, माहितगार माणसाच्या हाताला धरून उतरण्यास वयाची अडचण नाहीं. साठीच्या एका बाईंना मीं असें उतरतांना पाहिलें आहे. सलवार-कमीज घालून त्या पाठीवर तरंगल्या, कान पाण्याखालीं गेले, आकाश तेवढें समोर राहिलें. वर आल्यावर त्या इतकेंच म्हणाल्या, 'एवढी शांतता मीं कधीं ऐकली नव्हती.' पाकिटांसाठीं होडींत एक पत्र्याचा डबा असतो. त्यांत तीं ठेवावीं.

आतां तिसरा मुक्काम, म्हणजे कर्ली नदीचा संगम. पलीकडे भोगव्याचा किनारा, त्याच्या पुढें निवतीचा किल्ला, नदीच्या मुखाशीं वाळूचीं बेटें. चित्रकारानें जुळवून आणावें असें हें दृश्य आहे, आणि सहलीची सर्वांत धोक्याची जागाही हीच. भरतीला समुद्र नदींत शिरतो. ओहोटी लागली कीं आंत चढलेलें तें पाणी आणि नदीचें स्वतःचें पाणी एका अरुंद वाटेनें बाहेर धांवतें. वरून पाहतां तें संथ दिसतें. मीं वर सांगितलेला हिशेब करून पाहा : पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास भरती, म्हणजे दुपारीं दोनच्या आसपास ओहोटी ऐन ओढीवर. नेमक्या त्याच वेळीं खाऱ्या वाऱ्याचा जोर असतो. एकाच ठिकाणीं पाणी एकीकडे आणि वारा दुसरीकडे लोटूं लागला कीं लाटा आंखूड व उभ्या होतात, आणि लहान होडीला त्यांच्याइतका त्रास दुसऱ्या कशाचा होत नाहीं.

अशाच एका दुपारीं आमच्या होडींतील एका गृहस्थांनीं संगमावर उतरण्याचा आग्रह धरला. तांडेलानें पाण्याकडे पाहिलें आणि म्हटलें, 'सायबानू, थंय नको. पाणी ओढता हा.' गृहस्थ म्हणाले, 'तीन ठिकाणांचे पैसे ठरले आहेत.' तांडेल रागावला नाहीं. 'एका जाग्याचे पैशे परत घेवा,' तो म्हणाला, 'पन थंय उतरूं नकात.' आणि त्यानें सुकाणू फिरविलें. गृहस्थांची मुद्रा कांहीं वेळ आंबट राहिली. मला त्या तांडेलाचें बोलणें फार मोलाचें वाटलें. आपल्या मिळकतीचा भाग सोडून देऊन दिलेला तो नकार होता. शहरांत आपली समजूत अशी झाली आहे कीं, पैसे भरले म्हणजे वस्तू मिळालीच पाहिजे. समुद्र हा त्या व्यवहारांतला पक्ष नाहीं. त्यानें पावती दिलेली नसते.

या नकाराची किंमत काय असते हें सांगावयास इतिहास आहे. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यांत बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. गटारीच्या अमावास्येला घरीं पोंचण्याची त्यांना ओढ होती. २४ मे २०२२ रोजीं तारकर्लीजवळ पाण्याखालची सृष्टि पाहून परतणाऱ्या पर्यटकांची होडी उलटली, दोघे दगावले. तारीख पाहा : हंगाम संपावयास थोडेच दिवस उरले होते. हीं नांवें मी भिवविण्यासाठीं घेत नाहीं. समुद्रावर जाऊं नये असें मला म्हणावयाचें असतें तर हें भाषण मीं केलेंच नसतें. परंतु ज्याच्याकडे आपण पाहुणें जाणार त्याचा स्वभाव ठाऊक असावा.

तो स्वभाव ठाऊक असला कीं संकटांतही माणूस तरून जातो. किनाऱ्याजवळ पोहतांना कधीं कधीं असें होतें कीं, लाटांनीं आणून टाकलेलें पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यांतून समुद्राकडे परत जात असतें आणि पोहणारा त्यांत सांपडतो. फुटणाऱ्या लाटांच्या मधोमध जेथें लाट फुटत नाहीं, पाणी गडद व शांत दिसतें, ती जागा बहुधा हीच. नवखा माणूस तीच सुरक्षित समजून निवडतो. ओढ लागल्यावर तो किनाऱ्याकडे तोंड करून हातपाय मारूं लागतो. चांगल्या पोहणाऱ्यालाही त्या ओढीविरुद्ध जातां येत नाहीं. तो थकतो, आणि थकवा त्याला बुडवितो. अशा वेळीं झगडूं नये. पाठीवर तरंगावें, हात वर करून हांक द्यावी. हा प्रवाह माणसाला खालीं ओढीत नाहीं, केवळ बाहेर नेतो, आणि थोड्या अंतरावर त्याचा जोर सरतो. शक्ति असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवें पोहावें. पट्टा अरुंद असल्यामुळें माणूस लवकरच बाहेर पडतो व मग लाटाच त्याला किनाऱ्याकडे आणतात. हीं चार वाक्यें मुलांकडून पाठ करून घ्यावीं.

निघण्यापूर्वीं कांहीं प्रश्न संकोच न करतां विचारावे. होडीला परवाना आहे काय व तिची उतारूंची मर्यादा किती? जेवढीं माणसें तेवढीं जाकिटें आहेत काय, आणि लहान मुलांना त्यांच्या मापाचीं आहेत काय? आपण पाण्यांत असतांना होडीवर कोण राहणार? जो तांडेल या प्रश्नांनीं चिडतो त्याच्या होडींत बसूं नये. जो उलट आपल्यालाच विचारतो, 'तुमच्यांत पोवपी किती?', त्याच्या होडींत निःशंकपणें बसावें. पोटभर जेवून पाण्यांत उतरूं नये. ऊन पाण्यावरून परतून दुप्पट लागतें असें वाटतें, म्हणून टोपी, अंगभर कपडा आणि भरपूर पिण्याचें पाणी बरोबर असावें. पाण्यांत कितीही वेळ राहिलें तरी शरीराला तहान लागतेच. आणि ज्या पिशवींतून खाण्याचे जिन्नस गेले, तींतूनच कागद व साली परत आल्या पाहिजेत.

श्रोतेहो, या सर्व तयारींतली मुख्य गोष्ट मीं शेवटीं ठेविली आहे. ती होडींत करतां येत नाहीं, शहरांतच करावी लागते. पुणें, मुंबई, नागपूर, कोल्हापूर, प्रत्येक शहरांत आज पोहण्याचे तलाव आहेत. संगीत, चित्रकला, परीक्षांचे वर्ग यांसाठीं आपण मुलांना वेळ काढून नेतों; तशीच वेळ यासाठीं काढावी, आणि मुलाला नेतांना मुलीला घरीं ठेवूं नये. शक्य असेल तर आईबापांनींही त्याच वर्गांत नांव घालावें. मुलांपेक्षां त्यांना चार दिवस अधिक लागतील, इतकेंच. तीन महिने रोज तासभर दिला तर पाण्यावर तरंगणें आणि शंभर-दोनशें मीटर जाणें हें सामान्य प्रकृतीच्या माणसाला साधतें. नोव्हेंबरच्या अष्टमीला होडी ठरवावयाची असेल, तर ऑगस्टांत तलावावर जावयास लागलें पाहिजे. पंचांग घरांत असेलच. तिथी पाहून ठेवा.